वाकड्या चोचीचे पिल्लू जगवताना

खुडूक कोंबडीखालून पिल्ले बाहेर पडली की पहिला आठवडाभर सगळी सारखीच दिसतात. मग त्यातले एखादे मागे पडू लागते. भावंडांना पंख फुटतात, त्याचे अंग तेवढेच राहते. ते दाण्यापाशी धावत येते, टोचते, पुन्हा टोचते, पण दाणा जागचा हलत नाही. हातात घेऊन समोरून पाहिले की उलगडा होतो: वरची चोच एका बाजूला झुकलेली, खालची दुसऱ्या बाजूला.

हळर्ण, तळर्ण, इब्रामपूर, चांदेल, कासारवर्णे या गोव्यातल्या पेडण्याच्या पट्ट्यात घरामागे गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांना असे पिल्लू कधी ना कधी भेटतेच. त्यावर ठरलेला शेरा म्हणजे ‘ह्याचे काही खरे नाही’. तेवढ्यावर पिल्लू नशिबावर सोडले जाते आणि काही दिवसांत मरतेही. मात्र ते चोचीने मरत नाही, उपासमारीने मरते. खाद्याने भरलेल्या ताटलीशेजारी उभे राहून ते उपाशी राहते. ही उपासमार बहुतेक वेळा टाळता येते. चोच सरळ करणे आपल्या हातात नसते. खाद्य, भांडे आणि भांड्याची उंची मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते.

अडते कुठे?

चोचीच्या आत हाड असते आणि त्यावर केराटिनचे कवच असते. आपली नखे ज्या द्रव्याची बनतात तेच हे द्रव्य. हे कवच मुळाकडून सतत वाढत राहते. जमिनीवर टोचण्याने, खाणे झाल्यावर दगडावर चोच पुसण्याने आणि वरची-खालची चोच एकमेकींवर घासल्याने ते झिजते. वाढ आणि झीज यांचा मेळ बसला की चोच आयुष्यभर मापात राहते. वाकड्या चोचीत दोन्ही भाग एकमेकांना भेटतच नाहीत. झीज थांबते, वाढ चालू राहते. शिवाय पिल्लाच्या डोक्याची हाडे वाढतात तसा मूळचा तिरपेपणाही वाढतो. म्हणून दुसऱ्या आठवड्यात जेमतेम जाणवणारा वाकडेपणा दीड-दोन महिन्यांत ठळक दिसतो.

आता खाण्याची क्रिया पाहू. चोचीची दोन टोके नेमकी जुळली तरच दाणा पकडीत येतो. मग कोंबडी डोक्याला झटका देते, जीभ दाणा मागे ढकलते आणि तो घशातून गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत उतरतो. तिथे तो भिजतो, पुढे पाचकरस मिसळतात आणि गिझर्डमध्ये खडे-वाळूच्या मदतीने भरडला जातो. वाकड्या चोचीच्या पिल्लात यातली फक्त पहिली पायरी बिघडलेली असते. जीभ, पिशवी, गिझर्ड, आतडी सारे धड असते. घास जिभेवर पोचला की पुढचे काम पिल्लाचे शरीर स्वतः करते. सगळी काळजी त्या पहिल्या पायरीची घ्यायची आहे.

वाकडी चोच म्हणजे उपासमारच असा काही निसर्गाचा नियम नाही. हिमालयापासून युरोप-अमेरिकेपर्यंतच्या सूचिपर्णी जंगलांत लाल क्रॉसबिल नावाचा पक्षी राहतो. त्याची पिल्ले सरळ चोचीची जन्मतात आणि वाढता वाढता चोचीची टोके एकमेकांना ओलांडून जातात. त्या तिरप्या टोकांनी तो पाइन आणि स्प्रूसच्या शंकूंचे खवले उचकटून बिया काढतो. त्याच्या चोचीला साजेसे खाद्य त्याला झाडावर मिळते. कोंबडी सपाट जमिनीवरचे दाणे टिपणारी, म्हणून तिच्या पिल्लाला तीच ठेवण आडवी येते. चोच आणि खाद्य यांची जोडी जुळवून देणे हे अशा वेळी पाळणाऱ्याचे काम.

चोच वाकडी का होते?

कारणे अनेक आहेत. आनुवंशिकता त्यांतले मोठे कारण. जगात कोंबड्यांच्या किमान 12 वाणांत हा दोष नोंदला गेला असून त्याचे प्रमाण 0.2 ते 7.4 टक्के इतके आढळले आहे. चीनमधल्या बीजिंग-यू या वाणावर याचा जनुकीय अभ्यासही झाला आहे. एखादे एकटे जनुक दोषी आहे असे सरळ गणित त्यातून निघत नाही. वारसा गुंतागुंतीचा आहे.

दुसरे कारण उबवणीतले. कोंबडीचे अंडे 21 दिवसांत उबते. कोंबडी स्वतः अंडी फिरवते आणि ऊब राखते. घरगुती यंत्रात हेच तापमान 37.5 ते 37.8 अंश सेल्सियसच्या आसपास धरावे लागते. पावसाळ्यात वीज ये-जा करते, थर्मामीटर स्वस्तातला असतो, आणि गर्भाची घडण चालू असताना तापमान वर-खाली होते. त्यातून व्यंगे संभवतात.

तिसरे कारण आईच्या आहारातले. बायोटिन, फॉलिक ॲसिड किंवा मँगनीज कमी पडले तर गर्भाची चोच बिघडते; कधी खालची चोच आखूड राहते आणि वरची पोपटासारखी खाली वळते. नुसत्या तांदळाच्या कण्या आणि उरलेल्या भातावर राहणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ही द्रव्ये पुरेशी उतरतीलच असे नाही. जन्मानंतर ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडले तर पिल्लाची चोच मऊ, रबरासारखी लागते. ही एक अवस्था लवकर लक्षात आली तर चांगल्या आहाराने आणि कोवळ्या उन्हाने सुधारू शकते. हाडच तिरपे वाढले असेल तर कुठल्याही औषधाने ते सरळ होत नाही.

हा दोष एका पिल्लाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणून केवळ चोच वाकडी आहे एवढ्यासाठी पिल्लाला बाकीच्यांपासून तोडण्याची गरज नसते.

आधी खात्री करून घ्या

पिल्लू मुठीत हलके धरावे आणि त्याचा चेहरा आपल्या डोळ्यांच्या रेषेत आणून समोरून पाहावे. वरून पाहिल्यास थोडा तिरपेपणा निसटतो. दोन्ही टोके एका रेषेत येतात का, चोच मिटल्यावर फट राहते का, जीभ बाहेर डोकावते का, हे बघावे.

चोचीच्या कडेला खपल्या किंवा फोड असतील तर तो वाकडेपणा नव्हे, कोंबड्यांची देवी असू शकते. तोंडात पिवळट थर असेल, चेहरा सुजला असेल, डोळ्यांतून पाणी येत असेल तर आजार समजून ते पिल्लू वेगळे ठेवावे आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. बाहेरून विकत आणलेल्या तलंगांची वरची चोच आखूड पण सरळ असेल, तर ती बहुधा फार्मवर टोचाटोची टाळण्यासाठी कापलेली असते. त्या कोंबड्यांनाही जमिनीवरचा बारीक दाणा उचलायला जड जाते, त्यामुळे पुढे सांगितलेले खोल भांडे त्यांनाही उपयोगी पडते.

खोल भांडे, योग्य उंची

वाकड्या चोचीचे पिल्लू टिपू शकत नाही, पण उपसू शकते. खालची चोच खाद्यात खुपसून ते घास वर घेते. त्यासाठी खाद्याचा थर जाड हवा. पसरट ताटलीत अर्धा सेंटिमीटर खाद्य असेल तर चोच तळाला आपटते आणि खाद्य बाजूला सरकते. तेच खाद्य तीन-चार सेंटिमीटर खोल असेल तर चोचीभोवती सगळीकडून खाद्यच असते आणि कुठल्याही बाजूने ते तोंडात येते.

आपल्या घरात यासाठी उत्तम भांडे फुकट मिळते: नारळाची करटी. डोळ्यांच्या बाजूची नको, दुसऱ्या बाजूची धड अर्धी घ्यावी. आतला खोबऱ्याचा अंश खरवडून, धुऊन, उन्हात वाळवावी. करटी तळाशी गोल असल्याने डगमगते, म्हणून सुंभाची किंवा जुन्या कापडाची चुंबळ करून तिच्यात ती पक्की बसवावी. गोल आकाराचा फायदा असा की खाद्य कोपऱ्यात अडकत नाही. पिल्लू खाते तसे ते मध्यभागी गोळा होत जाते.

उंची महत्त्वाची. करटीची कड उभ्या पिल्लाच्या छातीच्या वरच्या भागापर्यंत, म्हणजे साधारण पाठीच्या पातळीला यावी. त्यापेक्षा खाली असेल तर घास वर घेताना डोके झुकलेले राहते आणि तो पुन्हा सांडतो. चुंबळीखाली लाकडाची चकती किंवा विटेचा तुकडा ठेवून उंची साधावी आणि पिल्लू वाढेल तशी दर आठवड्याला वाढवावी.

खाद्य कसे कालवावे

पहिल्या आठ आठवड्यांसाठी बाजारात मिळणारे पिल्लांचे स्टार्टर खाद्य हा पाया. त्यात सुमारे 20 टक्के प्रथिने असतात, जीवनसत्त्वे आणि खनिजेही मिसळलेली असतात. नुसत्या कण्यांवर निरोगी पिल्लू कसेबसे निभावते, हे पिल्लू निभावत नाही, कारण त्याच्या पोटात घास कमी जातात. प्रत्येक घास कसदार हवा.

स्टार्टर मिक्सरमध्ये फिरवून बारीक करावे. एक वाटी पुडीला दीड ते दोन वाट्या कोमट पाणी घालून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे; पूड पाणी पिते आणि फुगते. शेवटी ते उकड्या तांदळाच्या घट्ट पेजेसारखे झाले पाहिजे. फार पातळ झाले तर चोचीवरून ओघळते आणि नाकपुड्यांत जाते, फार घट्ट झाले तर गोळा होऊन चोचीला चिकटून बसते. पिल्लाने एक घास घेतला की चोच बाहेर काढताना किती सांडते ते पाहावे आणि त्यावरून पाणी कमी-जास्त करावे. पिल्लागणिक हे प्रमाण थोडे बदलते.

आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून त्यात घालावा. त्यात बायोटिन असते. कच्चे अंडे मात्र घालू नये. कच्च्या पांढऱ्या बलकातले ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला बांधून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. सुकी सुंगटे किंवा जवळा द्यायचा असेल तर धुऊन, खारटपणा काढून, भाजून पूड करून चिमूटभरच द्यावा, कारण पिल्लांना मीठ बाधते. शिंपल्यांची पूड अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी चांगली, पिल्लासाठी नाही. जादा कॅल्शियमने पिल्लाच्या मूत्रपिंडांना इजा होते.

आपल्या हवेत ओले खाद्य झपाट्याने आंबते. दोन तासांनी उरलेले काढून टाकावे, करटी घासून वाळवावी आणि पुढच्या वेळेला ताजे कालवावे. कोरड्या खाद्याची पिशवीही पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड यांत अफलाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते पिल्लाचे यकृत खराब करते. वास आलेले खाद्य स्वस्तात पडले म्हणून वापरू नये.

वेळ, सोबत आणि पाणी

पहिले तीन आठवडे दिवसातून चार-पाच वेळा खायला द्यावे. पहिले उजाडताच, शेवटचे अंधार पडण्याआधी. शेवटचा घास चुकवू नये, कारण त्यावर रात्र काढायची असते. हे पिल्लू खायला जास्त वेळ घेते, तेवढ्यात धडधाकट भावंडे करटी रिकामी करतात. म्हणून खाताना त्याला डालग्याखाली ठेवावे. एकटे पडले तर पिल्लू ओरडत राहते आणि खात नाही. सोबतीला एखादे शांत भावंड ठेवले की तेही खाऊ लागते. खाणे झाले की दोघांना पुन्हा आईकडे सोडावे. आईची ऊब आणि कळपाची ओळख तुटता कामा नये. मोकळे सोडल्यावर लक्ष असू द्यावे, कारण अशक्त पिल्लू मागे राहते आणि घार, कावळा, मुंगूस यांना तेच आधी सापडते.

पाण्याचे भांडे अरुंद आणि थोडे खोल असावे, म्हणजे चोच बुडेल पण पिल्लू आत पडणार नाही. निप्पलमधून पाणी पिणे या पिल्लांना जमत नाही. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पाण्यातून दिलेली लस किंवा औषध या पिल्लाच्या पोटात पुरेसे जाईलच असे नाही. म्हणून मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून दिलेली बरी.

खाल्ले की नाही, हे हाताने बघावे

पिल्लू करटीत चोच घालते म्हणजे ते खातेच असे नाही. रात्री ते बसले की गळ्याखाली, छातीच्या किंचित उजवीकडे, बोटाने चाचपावे. भरलेली पिशवी मऊ, फुगीर गोळीसारखी लागते. सकाळी खायला देण्याआधी पुन्हा चाचपावे. ती रिकामी झालेली असली पाहिजे. रात्री रिकामी म्हणजे खाणे पोचलेले नाही, सकाळीही टणक भरलेली म्हणजे अन्न पुढे सरकत नाही.

आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटी ठेवून त्यात पिल्लाचे वजन करावे आणि सोबत एका निरोगी भावंडाचेही. गावठी पिल्लू जन्मतः साधारण 30 ते 40 ग्रॅमचे असते. भावंडापेक्षा हे हलके असणारच, त्याची चिंता नको. दर आठवड्याला आकडा वाढतो का एवढेच पाहायचे. आकडा थांबला तर खाण्याची एक वेळ वाढवावी, छातीचे हाड धारदार लागू लागले तर डॉक्टरांना दाखवावे.

खाऊन झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने चोच, नाकपुड्या आणि हनुवटीखालची पिसे पुसावीत. खाद्य तिथे वाळले की कडक कवच होते, त्याखाली कातडी सोलते आणि माश्या बसतात.

चोच घासणे

चोचीचे टोक फार वाढून दुसऱ्या बाजूला वळू लागले तर ते घासावे लागते. यासाठी नखे घासायची साधी कानस पुरते. कोंबडीला पंच्यात गुंडाळावे, पंख आत धरावेत, डोके मोकळे. उजेडाकडे तोंड करून बसावे आणि चोचीमागे मोबाइलचा टॉर्च धरावा. प्रकाश आरपार जातो आणि आतला गुलाबी, रक्त वाहणारा भाग दिसतो. त्याच्या पुढे फिकट, निर्जीव टोक असते. घासायचे ते फक्त फिकट टोक, तेही एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढे. कानस मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने चालवावी, मागे-पुढे केल्यास कवच फाटते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघावे.

रक्त आलेच तर कॉर्नफ्लॉवर किंवा हळद बोटाने दाबून धरावी आणि ते पूर्ण थांबेपर्यंत कोंबडीला इतरांत सोडू नये. कोंबड्या रक्ताच्या रंगावर तुटून पडतात.

रबर, चिकटपट्टी किंवा दोरा बांधून चोच ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. नाकपुड्या बंद होतात, जबड्याचा सांधा दुखावतो, आणि हाडाची वाढ तिरपी असल्याने बांधणी सुटताच चोच पुन्हा तिथेच येते. अपघाताने चोच मोडली असेल तर ती बाब वेगळी, आणि त्यावरचा इलाजही पशुवैद्यानेच करायचा असतो.

पिसांची निगा

कोंबडी चोचीने पिसे विंचरते, शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल अंगभर लावते, उवा वेचते. वाकड्या चोचीच्या कोंबडीला हे जमत नाही, म्हणून तिच्या अंगावर उवा-पिसवा आधी होतात. धूळस्नानाची सोय करून द्यावी: पडवीत, पाऊस पोचणार नाही अशा जागी जुन्या टबात कोरडी वाळू आणि चुलीची चाळलेली राख. पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती आठवड्यातून एकदा पिसे बाजूला करून पाहावे. उवा दिसल्यास डॉक्टरांकडून औषध आणावे. अंगाला रॉकेल चोळण्याची जुनी रीत कातडी जाळते, ती टाळावी.

कधी थांबावे

सगळी पिल्ले वाचत नाहीत. चोच मिटतच नसेल, जीभ सतत उघडी राहून वाळत असेल, हाताने भरवूनही वजन घटत असेल, तर जगवण्याचा हट्ट म्हणजे त्या जिवाला दीर्घ उपासमार. अशा वेळी पशुवैद्याकडून त्याला वेदनारहित मरण देणे ही देखील निगाच आहे. सौम्य आणि मध्यम वाकडेपणाची पिल्ले मात्र वेळीच सोय केली तर चांगली वाढतात. खोल भांड्यातून स्वतः खायला शिकतात, पाच-सहा महिन्यांची झाली की अंडी घालतात, आणि ती अंडी खायला इतर कोणत्याही अंड्यांसारखीच असतात.

पुढच्या उबवणीआधी

वाकड्या चोचीच्या कोंबडीची अंडी खावीत, विकावीत, पण उबवायला ठेवू नयेत. असे पिल्लू कोंबडा निघाले तर त्यालाही कोंबड्यांवर सोडू नये. ज्या जोडीला असे पिल्लू झाले त्याच जोडीची अंडी पुन्हा बसवणेही टाळावे. एकाच वाड्यावर एकच कोंबडा वर्षानुवर्षे राहिला की तो आपल्याच मुलींशी जोडला जातो आणि लपलेले दोष वर येतात. वर्षा-दोन वर्षांनी लांबच्या गावातल्या कोणाशी कोंबडा बदलून घ्यावा. नवे रक्त हवे असेल तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया, श्रीनिधी या जाती आहेत. त्यांची माहिती जुने गोवे येथील एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा तिथल्याच कृषी विज्ञान केंद्रात विचारता येते.

आणि कोंबडी खुडूक बसायच्या आधी, अंडी साठवू लागल्यापासूनच, तिच्या खाण्यात लेअर खाद्य, हिरवा पाला, तांदळाचा ताजा कोंडा आणि कुटलेले शिंपले येऊ द्यावेत. कोंड्यात मँगनीज भरपूर असते, शिंपल्यांत कॅल्शियम. पिल्लाची चोच घडते ती अंड्यात, आणि अंड्यात जे उतरते ते आईच्या खाण्यातून. एका पिल्लाला जगवायला महिनाभर रोज वेळ काढावा लागतो. आईला धड खाऊ घालायला मूठभर कोंडा पुरतो.